दिव्याशेजारचा दुसरा दिवा

तीर्थरूप मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. (वाकून हे बोलण्यापुरतं. गेले काही महिने भिंगांवर ओणवं बसून माझी कंबर अशी धरली आहे, की एकदा वाकले तर मला सरळ करायला डॉक्टर लागेल, आणि घरातले एकुलते एक डॉक्टर तुम्ही, ते पडलात डोळ्यांचे.) तुमची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. मामीचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तिने मागे सांगितलं होतं, पण मी विसरले. तेव्हा दोन्ही वेळा जपायला सांगा. दवाखान्यात गर्दी असेलच. लोकांचे डोळे बिघडायचे थांबणार नाहीत आणि तुम्ही निवृत्त व्हायचे नाहीत, हे आता आम्ही सगळ्यांनी मान्य केलं आहे.

आईचा तुम्हाला फोन आला असणारच. मला कारखान्यातून काढून टाकलं, असं तिने रडवेल्या आवाजात सांगितलं असेल. ते खोटं आहे. मला काढलेलं नाही, फक्त खाली बसवलं आहे. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून तळमजल्यावरच्या तक्रार खिडकीत. दोष माझ्या जिभेचा आहे, असंही ती म्हणाली असेल. त्यात थोडं तथ्य आहे, पण ही जीभ तिच्या माहेरची आहे आणि ते माहेर तुमचंही आहे, तेव्हा मत देताना जपून द्या.

मी नेमकं काय काम करते हे आपल्या घरात कोणालाच धड माहीत नाही, म्हणून आधी ते सांगते. कॅमेऱ्याच्या मागे जी लहानशी खिडकी असते, जिला डोळा लावून फोटो काढणारा समोरचं बघतो, तिच्यातली भिंगं मी आखते. काचेतून उजेड आरपार जातो असं आपण म्हणतो खरं, पण सगळा जात नाही. थोडासा एका काचेवरून मागे फिरतो, अलीकडच्या काचेवर आपटतो, पुन्हा उलटा वळतो आणि जेवणं आटोपल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा डोळ्यात शिरतो. मग खऱ्या दिव्याशेजारी एक फिकट, दुसरा दिवा तरंगताना दिसतो. आमच्या धंद्यात त्याला भूत म्हणतात. फोटोत ते उमटत नाही, फक्त बघणाऱ्याला दिसतं. म्हणजे चालही भुताचीच. (आईने शेजारीपाजारी 'आमची मुलगी भुतं घालवते' एवढंच सांगितलं. परिणामी समोरच्या बाई एकदा घरी येऊन त्यांच्या सासऱ्यांबद्दल हळू आवाजात बोलून गेल्या. सासरे हयात आहेत.)

या भुताची पहिली तक्रार आली ती पोहण्याच्या शर्यतींचे फोटो काढणाऱ्या एका छायाचित्रकाराकडून. आमचा नवा कॅमेरा घेऊन तो बंदिस्त तलावाच्या काठावर बसला होता. पाण्यात एक पांढरी टोपी पुढे पुढे सरकताना त्याला दिसली, आणि तो शर्यत संपेपर्यंत त्या टोपीच्या मागे राहिला. घरी जाऊन बघतो तर एकूण एक फोटो रिकाम्या पाण्याचे. टोपी नव्हतीच, छतावरच्या दिव्याचं भूत होतं. जिंकलेली मुलगी भलत्याच पट्ट्यात पोहत होती आणि तिच्या आयुष्यातल्या पहिल्या विजयाचा एकही फोटो निघाला नाही. त्याने आम्हाला सविस्तर कळवलं. कंपनीने त्याला आमचं छापील उत्तर पाठवलं: 'आमचा कॅमेरा निर्दोष आहे. कृपया आपले डोळे तपासून घ्यावेत.' मामा, माझं डोकं फिरलं ते इथे.

मी भुताच्या मागे लागले. काचांवर उजेड परतू न देणारा लेप आधीपासून होता, तो मी बदलून पाहिला. एक काच किंचित तिरकी बसवली, तर कोपऱ्यात गुमान बसलेलं भूत थेट मध्यभागी आलं आणि आधीपेक्षा तजेलदार दिसायला लागलं. मग भिंगांच्या कडांना काळा रंग दिला, म्हणजे तिथून उजेड उसळायला नको. घाई झाली होती. रंग वाळला की नाही हे न बघताच मी डोळा लावला, भूत कमी झालंय का ते पाहिलं, आणि तशीच बैठकीला गेले. तिथे कॅमेऱ्याचं बाहेरचं रूप ठरवणारे आमचे मुख्य रचनाकार होते. (यांना आम्ही पाठीमागे 'गुळगुळीत' म्हणतो. जगात कुठेही उंचवटा दिसला की त्यांना अस्वस्थ होतं.) एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ न देणारा हा माणूस त्या दिवशी माझ्याशी इतका हळुवार बोलला, की मला वाटलं, पटलं यांना. माझ्यासाठी चहा मागवला, बसायला उशी दिली, आणि निघताना दाराशी येऊन हलक्या आवाजात विचारलं, 'घरी सगळं ठीक आहे ना?' मी म्हटलं, घरी ठीक आहे, त्रास इथेच आहे. घरी येऊन आरशात पाहिलं तर उजव्या डोळ्याभोवती काळंकुट्ट वर्तुळ. अख्ख्या बैठकीला वाटलं, मला कोणीतरी मारलं. आई तर नळाखाली माझं तोंड धुता धुता 'नाव सांग त्याचं' एवढंच म्हणत होती.

शेवटी उपाय सापडला. भिंगाचा बाक बदलायचा. मग मागे फिरलेला उजेड एका जागी गोळा न होता इतका पसरतो, की डोळ्याला जाणवतच नाही. मी नमुना बनवला, डोळा लावला, आणि समोर दिवा होता तो एकटा. किती तरी वेळ मी त्या एकट्या दिव्याकडे बघत बसले. अडचण एवढीच, की या बाकाचं भिंग नखाच्या जाडीएवढं मागे सरकवावं लागतं, आणि त्यामुळे कॅमेऱ्याला मागून छोटासा उंचवटा येतो. गुळगुळीत यांनी नमुन्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा तिथे अडला तसा त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, 'मी जन्मात पोक आलेला कॅमेरा काढलेला नाही.'

प्रकरण थोरल्या साहेबांकडे, म्हणजे कंपनीच्या मालकांकडे गेलं. त्यांना भूत प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं. मी जुना कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि गुळगुळीत यांना खोलीतल्या दिव्याजवळ उभं केलं. माझं गणित चुकलं नव्हतं, भूत आलं. पण नेमकं गुळगुळीत यांच्या डोक्यामागे जाऊन बसलं, गोल, फिकट आणि सोनेरी. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'यात दोष कुठे आहे? हे मला आज पहिल्यांदाच बरे दिसताहेत.' विक्रीप्रमुख शेजारीच उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे या दोषाचं 'तेजोवलय' असं बारसं केलं आणि जाहिरातीत घालायची तयारी दाखवली. माझ्यापुढे 'कॅमेरा निर्दोष आहे' असा तपासणीचा कागद सरकवला. मी म्हटलं, मी सही करणार नाही. विभागप्रमुखांनी समजावलं, की सही म्हणजे नुसता उपचार असतो. मी म्हटलं, मग तो उपचार तुमच्याच हाताने होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी तळमजल्यावर होते.

तक्रार खिडकीत एक स्टूल, एक शिक्का, आणि त्या छापील उत्तराचा गठ्ठा. तो गठ्ठा मी पहिल्याच दिवशी डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातला. (स्टूल आता छान स्थिर आहे.) आणि मग एका सकाळी एक निवृत्त शिक्षिका आल्या. पक्ष्यांचे फोटो काढायचा त्यांना नाद. कॅमेऱ्यात फांदीवर न बसलेलं काहीतरी पांढुरकं दिसतं, म्हणून त्यांनी पूर्वी कळवलं होतं, आणि त्यांनाही तेच उत्तर गेलं होतं. त्या शहाण्या बाई, त्यांनी खरंच डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. दुसरे डॉक्टरही तेच म्हणाले. मग त्यांनी ठरवलं, की डोळे चांगले असून नसलेलं दिसतंय म्हणजे बिघाड डोक्यात आहे. मुलाने त्यांना एकटीने रस्ता ओलांडायला बंदी केली. स्वयंपाक करताना सून मागे उभी राहायला लागली. त्या माझ्याकडे कॅमेरा परत करायला आल्या होत्या, तक्रार करायला नाही.

मी सांगितलं, 'बाई, तुम्हाला दिसतं ते कॅमेऱ्यात आहे. मीही बघितलंय.'

'म्हणजे मी ठीक आहे?'

'तुम्ही ठणठणीत आहात.'

त्या समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. मग उठून आल्या आणि म्हणाल्या, 'हे लिहून द्या. मुलाला दाखवायचंय.' मामा, मी लिहून दिलं. कंपनीच्या कागदावर, कंपनीच्या शिक्क्यानिशी: 'दोष कॅमेऱ्यात आहे, यांच्यात नाही.' आणि मला त्याचा तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही आणि आजही नाही.

आठवड्याभरात त्या पुन्हा आल्या, या वेळी पक्षी बघणारी सगळी मंडळी घेऊन, गळ्यात कॅमेरे अडकवून. प्रत्येकाला तसाच कागद हवा होता. कोणाला बायकोला दाखवायला, कोणाला वरिष्ठांना, एकाला नुसताच घरात भिंतीवर लावायला. रांग फाटकाच्या बाहेर गेली तेव्हा थोरले साहेब स्वतः खाली उतरले. मला विचारलं, 'हा शिक्का कोणाच्या परवानगीने मारता?' मी सांगितलं, शिक्का खिडकीतच असतो, साहेब, आणि मलाही तुम्हीच खिडकीत ठेवलंय. ते पुढे काही बोलणार, एवढ्यात शिक्षिकाबाईंनी आपला कॅमेरा त्यांच्यापुढे धरला आणि वर्गात बोलावं तशा म्हणाल्या, 'यातून त्या दिव्याकडे बघा. किती दिसतात?'

साहेबांनी बघितलं. 'दोन.'

'आणि आहेत किती?'

साहेबांनी कॅमेरा खाली घेतला. 'एक.'

'मग आता सांगा, डोळे कोणी तपासून घ्यायचे?'

रांगेत कोणी हसलं नाही, हे मला विशेष आवडलं. साहेब जिना चढून गेले, आणि त्याच दिवशी माझ्या भिंगाला मंजुरी आली. जुने कॅमेरेही बोलावून दुरुस्त करून देणार आहेत. पोक राहिलं आहे. विक्रीप्रमुख त्याला 'अंगठ्याचा टेकू' म्हणतात आणि गुळगुळीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की ही कल्पना त्यांचीच. सांगू देत. भूत गेलं ना.

मग मी अजून खालीच का, असं तुम्ही विचाराल, आणि आईला छळतो आहे तो भाग हाच. प्रयोगशाळेत परत जायला माझी ना नाही, पण गुळगुळीत यांनी कुठूनसा एक नियम उकरून काढला, की भिंगं तपासणाऱ्याने डोळ्यांचं प्रमाणपत्र द्यावं. मी ठणकावून सांगितलं, मिळणार नाही. ज्या कंपनीने खरं बोलणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं, तिच्या सांगण्यावरून मी डोळे तपासून घेणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. जन्मभर स्टुलावर बसेन. आईने तुम्हाला मध्यस्थी करायला सांगितलं असेल, तर करू नका. आपल्या घरातली माणसं वाकत नाहीत, हे तुम्ही तिला समजवा.

मामीला नमस्कार. मी आहे तिथे ताठ आहे.

तुमची,
भाची

ता. क. येत्या रविवारी दवाखाना बंद असेल ना? मी जेवायला येईन म्हणते. मामीला सांगा. आईला नको.

ता. क. २. येतेच आहे तर जाता जाता डोळ्यांवर एक नजर टाकाल का? तुम्ही घरचे, त्यामुळे याला तपासणी म्हणता येणार नाही. महिनाभर झाला, डाव्या डोळ्याने बघितलं की रस्त्यावरच्या दिव्याशेजारी मला दुसरा दिवा दिसतो. हातात कॅमेरा नसताना. मी मागच्या दाराने येईन.

ता. क. ३. यावरून कोणी काही निष्कर्ष काढेल, म्हणून आत्ताच लिहून ठेवते: कॅमेऱ्यातलं भूत मी उजव्या डोळ्याने पाहिलं होतं.