पाच डब्यांचा नियम

मु. पो. युसूफ वडगाव

तीर्थरूप महानंदाआत्यास,
विश्वेश्वरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. ईश्वरीताई आणि बाळ सुखरूप असतील. तुमचे गुडघे धारूरच्या चढाला कुरकुरत नसतील अशी आशा आहे. इकडं सगळे मजेत. (गिरणीचं खाली लिहितो. आधी पाणी प्या.)

ईश्वरीताईच्या बाळंतपणाला जाताना, गिरणी माझ्यावर सोपवून तुम्ही एवढंच बजावलं होतं, "जो येईल त्याचं दळून दे, डोकं चालवू नको." मी नेमकं तेच चालवलं. एकेकाचं दळायचं म्हणजे ज्वारीनंतर गहू, गव्हानंतर डाळ, दरवेळी दगड मोकळा करा, दोन किलोसाठी मोटर फिरवा. म्हणून दाराला पाटी लावली : एका धान्याचे पाच डबे जमल्याशिवाय गिरणी सुरू होणार नाही. दोन दिवस बाराच्या आत काम उरकलं. (शेजारगावच्या गिरणीवाल्याला ही युक्ती शिकवायलाही गेलतो. हे वाचून सोडून द्या.)

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मशिदीमागची अजमतबी किलोभर तांदूळ घेऊन आली. घरी तिच्या म्हाताऱ्याला, दिलावरचाचांना, तापात तांदळाच्या पिठाच्या पेजेशिवाय काही पचत नव्हतं. गव्हाचे पाच डबे झाले, दळले. ज्वारीचे झाले, दळले. तांदूळ तिचा एकटीचाच. ती पायरीवर बसून होती.

"बेटा, तेवढं घाल की. म्हातारा उपाशी हाय."

"चाची, पाच डबे होऊ द्या," म्हणून मी पाटी दाखवली. आत्या, तिला वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

तीनला लाईट गेली. अजमतबी पिशवी घेऊन उठली. संध्याकाळी शेजारच्या छबुबाईनं सांगितलं, की सुजलेल्या मनगटानं ती पाट्यावर तांदूळ वाटत बसलीय. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटी फाडली आणि उलटं सुरू केलं. जो येईल त्याचं तिथल्या तिथं! मूठभर डाळ आणली तरी मोटर चालू, लगेच बंद. दुपारपर्यंत तीस-चाळीस वेळा. शेवटी व्होल्टेजनं दगा दिला आणि मोटर जळाली. केजहून नवी तार भरून बांधून आणली, सोमवारपासून गिरणी सुरू आहे. दिलावरचाचा आता भाकरी खातात. काळजी नसावी.

आपला आज्ञाधारक (लिहायला लाज वाटते),
विश्वेश्वर

ता. क. : व्होल्टेज ठीक होतं. छबुबाई ओरडत होती, "आरं, जळाल्याचा वास यायलाय, थांब की!" पण कुणाला मिनिटभरही ताटकळत ठेवायची माझी हिंमत नव्हती.

ता. क. दुसरा : पत्र खरं यासाठीच. अजमतबीला तुम्ही फोन करा आणि दळण आपल्याकडंच आणायला सांगा. मी तिच्या घरी दोनदा माफी मागायला गेलतो. ती रागावत नाही, चहा पाजते, "येते की, बेटा" म्हणते, आणि सकाळी दळणाची पिशवी घेऊन केजच्या जीपमध्ये बसते.