वीतभर चीर आणि सुकाणू

४ फेब्रुवारी

ति. आउक्याताईस,
हिल्केचा सा. न. वि. वि.

माझं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. पोट उघडून करणं बरं की चार भोकं पाडून दुर्बिणीने, याचा डॉक्टरीणबाई अभ्यास करताहेत. मी नाव दिलंय. कोणाला काय, ते सोडत ठरवणार. मला भोकंच हवीत, त्याने माणूस लवकर हिंडू लागतो. जुलैत शिडाच्या होड्यांची शर्यत आहे. आजोबांपासून आपल्या घरात असलेलं गावच्या होडीचं सुकाणू एका हंगामाला चुकलं, तर समिती ते दुसऱ्याला देईल. शेजारच्या गावचा होडीवाला सीत्सेही याच दुखण्याने याच वॉर्डात येतोय. शर्यतीत काय कमी छळतो मेला! तू तीस वर्षं नर्स होतीस, मत कळव. लोभ असावा, सल्ला आखूड असावा.

रॉटरडॅम, ७ फेब्रुवारी

चि. हिल्केस अ. उ. आ.

आमच्या वेळी सर्जन हात घालून चाचपायचे, माझा विश्वास त्यावरच. पण खरं सांगू? गाठीभोवतीची कड स्वच्छ, म्हणजे कॅन्सरचा मागमूस नसलेली, निघू दे, मग भोकं पाडोत नाहीतर चिरोत. सुकाणू गेलं खड्ड्यात. मला तू हवा आहेस. वेळेवर जेव आणि ताईला विसरू नकोस.

२ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

कड स्वच्छ निघाली! माझीही, सीत्सेचीही. रिपोर्ट ऐकून मी बाईंसमोर रडलो. सीत्से खिडकीकडे तोंड करून रडला.

आता गंमत ऐक. नर्सलाही कळू नये म्हणून सगळ्यांच्या पोटावर सारखीच मोठी पट्टी होती. दुखणं शून्य ते दहात किती, असं रोज विचारायचे. सीत्सेसमोर कण्हणार कोण? मी रोज शून्य सांगितलं. तोही शून्यच सांगायचा. मला वाटलं, दोघांनाही भोकंच असणार. पट्टी निघाली, तर त्याला चार ठिपके आणि मला वीतभर चीर! बाई कडाडल्या, की तुम्ही दोघा हट्टी, उत्तरेकडच्या फ्रिशियन लोकांनी माझ्या अभ्यासाची वाट लावलीत. सीत्से माझ्या चार दिवस आधी घरी गेला आणि जाताना दात काढत गेला. भेटीची वाट पाहतो.

रॉटरडॅम, ९ मार्च

चि. हिल्केस अ. उ. आ.

पत्र वाचून स्वयंपाकघरात एकटीच नाचले. या वयात गुडघे धरून बसावं लागलं. शून्य म्हणे! लहानपणी दाढ काढतानाही असाच खोटं बोलला होतास. बाई हो म्हणतील तेव्हाच शिडाच्या दोराला हात लाव, ही शपथ आहे.

३० जुलै

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईंनी जूनमध्ये हो म्हटलं, तेव्हाच हात लावला.

आपण जिंकलो! शेवटच्या वळणाला सीत्से अर्ध्या होडीने पुढे होता. मी सुकाणूवर सगळं अंग टाकलं, वारा पकडला आणि नाकभर पुढे निघालो. सुकाणू घरातच राहिलं. रेषा ओलांडली आणि मी पोट धरून असा कण्हलो की काठावर ऐकू गेलं. सीत्सेने त्याच्या होडीतून ओरडून विचारलं, शून्य ते दहात किती. मी ओरडलो, दहा! मग तोही त्याच्या चार ठिपक्यांवर हात ठेवून ओरडला, की त्याचेही दहा.

काठावर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी वही काढली आणि आमचे पहिले खरे आकडे लिहून घेतले.

तुझा,
हिल्के