शिंक त्यांची, उठतो मी

९ डिसेंबर
ताईने आज ओढतच नेलं. ती नंदुरबारच्या दवाखान्यात नर्स आहे, तिथेच वरच्या मजल्यावर समुपदेशनवाल्या मॅडम बसतात. म्हटलं, मी वेडा नाही. ताई म्हणाली, "येडा नही शे म्हनीसन लई जाई ऱ्हायनू."
मामाच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, मिरच्या पसरत होतो, तसाच गेलो. कपडे लाल, केसांत पूड. मॅडमनी नाव विचारलं. मी सांगितलं आणि त्या शिंकल्या. लगेच परत.
झालं. खुर्ची ढकलली, उठलो. दाराशी पोचलो तर मागून आवाज, "मिरची ना?"
"हो. मग?"
"शिंक मला आली. तू का निघालास?"
दार सोडलं. येऊन बसलो. अजून तिथेच बसल्यासारखं वाटतंय.

१० डिसेंबर
खरंच, का निघालो?
कॉलेजात हेच. सकाळी पथारी, मग थेट वर्ग. मी आलो की बाक रिकामा. नितीन मुद्दाम शिंकायचा, "मिरची आली रे!" पोरं हसायची. मी एक तर उठून बाहेर, नाही तर अंगावर. तिसरं काही येतच नव्हतं.
शेवटचा दिवस प्रॅक्टिकलचा. वै. माझ्या शेजारी होती (पूर्ण नाव इथेही लिहवत नाही). ती शिंकली. खरीखुरी. नितीन हसला, मी त्याची कॉलर धरली, काचेचं सामान खाली. दप्तर उचललं ते परत गेलोच नाही. दुसरं वर्ष अर्धवट.
नितीनचं काही नाही. वै. शिंकली ते आत कुठेतरी...

१६ डिसेंबर
मामा पथारीवर सगळ्यांदेखत, "काय भाचा, येडासना डाक्टरकडे जाई ऱ्हायना का? त्यापेक्षा मन्हापान बस, फुकटमा समजाडस."
हात शिवशिवले. मॅडमनी दिलेलं काम आठवलं. आठवडाभर, कुणी शिंकलं, हसलं, काही बोललं तरी पाय हलवायचे नाहीत. तोंड उघडायचं असेल तर नंतर.
पाय हलवले नाहीत. कान तापले, छातीत धडधड, आणि मग ती धडधड आपोआप उतरली! मी काही केलं नाही. उतरते ती. इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही की थांबलं की उतरते.
मामा म्हणाला, "काय रे, बोलस नही?" म्हटलं, तुम्हीच या एकदा, तुमचं ऐकता ऐकता मॅडमला दम लागेल. मामा हसतच सुटला.

२३ डिसेंबर
मॅडम म्हणाल्या, तुला चांगलं येतं असं एक सांग. मनात आलं, पोरीसमोर कॉलर धरता येते, ते सांगू? त्यांनी घाई केली नाही. माझ्याकडे बघत बसल्या, घड्याळाकडे एकदाही नाही. असं कुणी कधी बसलंय माझ्यासाठी?
"पुढच्या वेळी सांग," म्हणाल्या.

२७ डिसेंबर
दुपारी आभाळ एकदम काळं. पथारी मैदानभर उघडी, मामा बाजारात. बायांना म्हटलं, मधल्या ओल्या राहू द्या, कडेच्या वाळल्यात त्या आधी ढिगात घ्या, मग ताडपत्री. सगळ्या कामाला लागल्या. शेवटची ताडपत्री दाबली आणि थेंब पडले.
सुमनबाई धडगावकडची, दर हंगामाला येते. म्हणाली, "भाऊ आज ओरडला नाय. ताप हाय का?"
तेव्हा कळलं. एक शिवी दिली नव्हती आणि सगळ्यांना ऐकू गेलं होतं. माझा आवाज असा पण आहे?
पाऊस थांबल्यावर ताडपत्र्या काढल्या. ओल्या उन्हात ते लाल. रोज बघतो मी हे. आज नुसता उभा राहिलो. ज्याची लाज वाटायची ते एवढं मोठं, एवढं लाल.
मॅडमला सांगायचं.

३ जानेवारी
सांगितलं. त्यांनी विचारलं, मग आता काय? तोंडातून आपोआप निघालं, कॉलेज. स्वतःच दचकलो.
सोमवारी प्राचार्यांना भेटायचं. पथारीवरून थेट जायचं, आंघोळ करून, अत्तर मारून नाही. हे मीच ठरवलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण हसल्या.

६ जानेवारी
निघालो तर पथारीवर मामा शिंकला. आई डबा घेऊन आलेली, "बस रे. शिंक ऊनी ना. जराखा बस, पानी पे, मंग जाय."
मामा म्हणाला, "पथारीवर शिंका पाळ्यात ते एक बी माणूस घर जावाव नही!"
तरी बसलो, आईसाठी. पाणी पिता पिता सुचलं. आमच्यात शिंक आली की जाणाऱ्याला बसवतात. लहानपणापासून आई बसवतेय. आणि मी शिंक ऐकली की पळत होतो.

प्राचार्य रागावले, पण ऐकून घेतलं. फुटलेल्या काचेचे पैसे भरा, नितीनशी बोला, मग जूनमध्ये बघू. "बघू" म्हणाले, "नाही" म्हणाले नाहीत.
बाहेर जिन्याखालच्या बाकावर वै., वही उघडी. पाय तिकडेच गेले. शेजारी बसलो. मधे एका माणसाची जागा. काही बोलायच्या आत ती शिंकली. कान तापले. छाती धडधडली. पाय जमिनीला दाबून धरले. उतरली.
म्हटलं, "मिरची आहे. पथारीवरून आलोय."
"माहितीये," नाक पुसत म्हणाली. "त्या दिवशी पण म्हटलं होतं मी, बस म्हणून. तू ऐकलंच नाहीस."
खरंच म्हणाली होती? काचा फुटत होत्या, मला काहीच...
घंटा झाली. तिचा तास होता. मीही उठायला लागलो. ती परत शिंकली, हसली, वही मिटली.
"शिंक आली ना. जरा बस," म्हणाली.
ती तासाला गेली. मी बसून राहिलो. तिचा तास सुटेपर्यंत तिथेच.