सभाघरात वाचलेलं पत्र

प्रिय थॉमसिन,

माझं दुसरं एक पत्र तुला याच जहाजानं येईल. त्याच्या आधी हे तुझ्या हाती पडावं, एवढी एकच प्रार्थना आज मी मनापासून केली. बाकीच्या प्रार्थना शेजारणींना ऐकू जाव्यात म्हणून करते. हे गुपचूप तुझ्या हाती द्यावं म्हणून जहाजावरच्या सुताराला एडमंडचे बूट दिलेत. नवरा गेला, बूट राहिले, त्यांचा हा उपयोग झाला. वाचून झालं की हे चुलीत घाल.

तू विचारलंस, समुद्रापलीकडच्या त्या नव्या मुलखातली जमीन खरंच एवढी सुपीक आहे का? दुरून डोंगर साजरे, बाई! आम्ही उतरलो तेव्हा किनाऱ्यावरचं गाव रोगानं ओस पडलं होतं. तिथल्या लोकांनी पुढच्या पेरणीसाठी पुरून ठेवलेला मका आम्ही उकरून खाल्ला आणि वर गुडघे टेकून देवाचे आभार मानले. त्या गावातली एक वाचलेली म्हातारी लांब उभी राहून बघत होती. आम्हाला वाटलं, भीक मागायला आलीय. ती आपलं बियाणं बघत होती.

एडमंड तापानं गेला असं मी तुला कळवलं होतं. ते अर्धंच खरं. पहिल्या हिवाळ्यात धड उभे राहतील असे पुरुष बोटांवर मोजण्याइतके उरले. आमचे हाल जंगलातल्या लोकांना दिसू नयेत म्हणून आमच्या वस्तीच्या कप्तान पेलनं आजाऱ्यांना उचलून नेलं, झाडांना टेकवून बसवलं आणि मांडीवर बंदुका दिल्या. एडमंड थरथरत होता. मी कप्तानाचे पाय धरले. तो म्हणाला, "थरथरू दे की! हलला तर जिवंत दिसेल." संध्याकाळी एडमंड हलेनासा झाला, तरी त्याला तसाच ठेवला. लांबून फरक कळत नव्हता. मी घोंगडी पांघरायला गेले, तर कप्तान म्हणाला, "घोंगडी जिवंतांना लागते, डॅमरिस. घेऊन जा." मी घेऊन आले. थंडी फार होती गं. त्याच घोंगडीत झोपले.

आता तुझ्या पत्राविषयी. घरून आलेलं पत्र एकटीनं वाचायची इथं रीत नाही. वर्षाकाठी एखादं जहाज येतं. ज्याचं पत्र असेल त्यानं सभाघरात उभं राहून मोठ्यानं वाचायचं, म्हणजे ज्यांना कुणी लिहीत नाही त्यांच्याही कानी चार शब्द पडतात. मीही वाचलं. तुझ्याकडे ठेवलेली माझी लेक लेटिस किती उंच झाली, तिच्या हातचा पाव कसा फुगतो, तिला सतरावं लागलं, झोपताना अजून माझं नाव घेते. वाचताना माझी मान ताठ झाली होती. शेजारच्या वेल्सबाईनं मला कोपरानं ढोसलं, "आता जावई शोधा हो!" मला गोड वाटलं. मूर्ख मी.

कप्तानाची दुसरी बायको या उन्हाळ्यात गेली. पत्र वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो दारात उभा, टोपी हातात घेऊन. "मुलीला बोलावून घे. पावाचं कौतुक ऐकलं." मी म्हटलं, ती नाजूक आहे. "माझ्या दोघीही नाजूकच होत्या," तो म्हणाला. मग कोठाराच्या किल्ल्या खुळखुळवत म्हणाला, "विधवेला मका मिळतो तो आमच्या दयेवर. दया आटतेही कधी कधी." ते दुसरं पत्र मी त्याच्यासमोर बसून लिहिलं. 'ये बाळा, आई वाट बघतेय.' त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, तेच वाईट आहे.

म्हणून आता तू मला लिही, की अंगावर देवी येऊन लेटिस वारली. लिहिताना हात आखडू नकोस. अंगावरचे फोड, शेवटचं पाणी, कुठं पुरली, सगळं लिही. मला ते सभाघरात उभं राहून वाचायचं आहे, कप्तान पहिल्या बाकावर असेल, आणि मला खरंखुरं रडू आलं पाहिजे. तुला मुलगी हवीच होती ना? घे. आणि तिला सांग, तुझी आई गेली. नाहीतर ती तुझं न ऐकता जहाजावर चढेल. माझीच आहे ती. फक्त झाडाखाली गेली असं नको सांगूस. अंथरुणात, उबेत गेली म्हण.

तुझीच,
डॅमरिस