अण्णांचं परतीचं तिकीट

२९ मे २००५, रविवार
अण्णांना इथे परदेशात, टॅम्पिनीसला माझ्याकडे येऊन दोन आठवडे झाले. परतीचं तिकीट १८ जूनचं. आई गेल्यापासून वाईच्या घरात एकटेच असतात. मला त्यांना इथेच ठेवून घ्यायचंय, कायमचं. सुधीर, माझा नवरा, म्हणतो, "राहण्याच्या पासचं बघू आपण, आधी त्यांना विचार तर." अजून विचारलं नाही. माझा स्वभाव, आधी ठरवायचं, मग विचारायचं.

सकाळी ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये नेलं. काया टोस्ट. नारळाचं दूध, अंडं, साखर घालून आटवलेला तो हिरवट जॅम. अण्णा म्हणाले, "नारळाच्या वड्यांचं सारण जरा लवकर उतरवलंय." दोन तुकडे खाल्ले! मग चहा बशीत ओतायला लागले. मी हळूच, "अण्णा, इथे नको. लोक बघतात." त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला, निवेपर्यंत बसून राहिले.

२ जून
घरात हाताची घडी, तोंडावर बोट. काय हवं? काही नको. जेवायला काय करू? काहीही कर. दुपारभर खिडकीशी बसून खालची एमआरटी ट्रेन जाताना बघतात. इरा तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा सो क्वायट, लाह." आठ वर्षांच्या पोरीलाही कळतं.

इराला महिनाभर सुट्टी आहे. सुधीरने चार दिवस रजा टाकलीय. कॅमेरॉन हायलँड्सला जायचं, मलेशियात. थंडी, धुकं, चहाचे मळे. पसरणीच्या घाटाखाली जन्म काढलेला माणूस, डोंगर दिसला की खुलेल. अण्णांचा व्हिसाही आला.

६ जून, तानाह राता, कॅमेरॉन हायलँड्स
दिवसभर बस. शेवटच्या वळणांवर इराला दोनदा उलटी. आणि मग एका वळणानंतर अचानक गार. बसच्या काचा पांढऱ्या. अण्णांनी बॅगेतून कानटोपी काढली. विषुववृत्तावर येताना कानटोपी आणली! मी हसले, तेही हसले. किती दिवसांनी.

संध्याकाळी धुकं थेट रस्त्यावर उतरलं. समोरची दुकानं विरघळून गेली, नुसते दिवे राहिले. मध्येच वाटलं, आई पुढच्या वळणावर थांबली असेल, "चला की लवकर" म्हणत. अण्णांना सांगितलं नाही. त्यांनाही तसंच वाटत असेल का…

जेवायला स्टीमबोट. टेबलावरच निखाऱ्यांवर उकळतं पाणी, त्यात आपणच पालेभाजी, टोफू, मशरूम, शेवया सोडायच्या. आमच्यासाठी मांसाच्या रश्शाऐवजी साध्या पाण्याची वेगळी. अण्णांनी झारा हातात घेतला आणि सगळ्यांना वाढलं. वाढताना काय सुंदर दिसतात.

७ जून
चहाचे मळे. हिरव्या गोधडीवर उभ्या-आडव्या टाक्यांसारखे. पण लिहायचंय ते सकाळचं.

नाश्त्याला एका जुन्या चिनी दुकानात गेलो. शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या घरातले आजोबा, पेपर वाचत. कॉफी आली. त्यांनी शांतपणे बशीत ओतली, फुंकर मारली, प्यायले. अण्णा बघतच राहिले. म्हातारबुवांनी बशी किंचित उचलून दाखवली, "व्हेरी हॉट. धिस वे फास्टर."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परवानगी मागितल्यासारखं. सत्तरीचा माझा बाप, चहा कसा प्यायचा ते मला विचारतो. लाज वाटली. मीच म्हटलं, "ओता ना, अण्णा."

दोघे म्हातारे तासभर बसले. एकाचं इंग्रजी मोडकं, दुसऱ्याचं पोस्टातल्या नोकरीतलं. पाऊस, गुडघे, गेलेल्या बायका.

११ जून, शनि.
परत टॅम्पिनीसला. अण्णा रोज सकाळी एकटे खाली जातात. काउंटरवर "तेह, सिऊ दाई" म्हणजे कमी साखरेचा चहा मागतात. इराने शिकवलं. वर येऊन मला खालच्या बातम्या सांगतात. मी नुसती ऐकते. जमायला लागलंय.

तरी विचारायचं धाडस होत नाही. नाही म्हणाले तर? आणि हो म्हणाले, पण माझ्यासाठी म्हणाले तर?

१६ जून
आज विचारलं. सुधीर पाया लेबारला ऑफिसात, इरा खेळायला गेलेली. बाहेर पाऊस, समोरचे ब्लॉक पुसून गेलेले, त्या धुक्यातल्या दुकानांसारखे. अण्णा बॅगेत कपडे लावत होते. म्हटलं, "अण्णा, जाऊ नका. इथेच राहा."

ते स्वेटरची घडी घालत राहिले. वेळ लावून, बाह्या आत दुमडून. मग म्हणाले, "एक सांग. मी राहिलो तर तुला आवडेल, की तुझी काळजी मिटेल?"

तोंड उघडलं, "आवडेलच" म्हणायला. पण मनात आधी आली ती काळजीच.

"घाई नाही," म्हणाले. "परवा दुपारचं विमान आहे. तोवर सांग."