आठ पत्रं आणि बारा सेकंद

३ मार्च

स्वतःचं कौतुक स्वतः लिहायचं, सही मात्र दुसऱ्याची! व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी आज हे इतक्या सहज सांगितलं की मीच बावळट ठरले. "आठ शिफारसपत्रं लागतील. मोठ्या लोकांना कुठे वेळ असतो? मसुदा तुम्ही करा, ते सही करतील. सगळे असंच करतात."

परदेशी जायला असामान्य कर्तृत्वाच्या तंत्रज्ञांसाठी वेगळा व्हिसा असतो म्हणे. वर्षानुवर्षांची रांग नाही, नवऱ्याला आणि लेकीला सोबत नेता येतं. फक्त आपण असामान्य आहोत हे कागदावर सिद्ध करायचं. वय चव्वेचाळीस, आता नाही तर कधीच नाही. नवऱ्याला सांगितलं तर हसत सुटला — "असामान्य? चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी?"

हसू दे. मला जायचंय.

६ मार्च

पहिलं पत्र आमच्या संचालकांच्या नावाने लिहिलं. स्वतःला "ती" म्हणून लिहायला फार चमत्कारिक वाटतं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत सवय झाली, तिसऱ्यात तर मजा यायला लागली!

वकीलबाईंनी परत पाठवलं. "यात सारखं 'त्यांच्या चमूने, त्यांच्या चमूने' आहे. तुमचं एकटीचं काय?"

एकटीचं काय? आमचा प्रोग्रॅम मी आणि घड्याळजींनी मिळून केला. नवजात बाळांच्या वॉर्डात मॉनिटर दिवसभर ठणाणा करत असतात. बाळाने पाय हलवला, वायर सरकली, की झाला अलार्म. नर्सबाया शेवटी लक्षच देईनाशा होतात. आमचा प्रोग्रॅम चार सेकंद थांबतो, खरं संकट आहे का बघतो, मगच वाजू देतो. हे थांबण्याचं गणित सगळं घड्याळजींचं. म्हणून तर त्यांना घड्याळजी म्हणतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, बोलायला कंजूष.

त्यांचा उल्लेख काढला. दोनच ओळी होत्या.

११ मार्च

आता वकीलबाईंना आकडा हवाय. खोटे अलार्म आम्ही शंभरातले एकाहत्तर कमी केले. त्यांनी नाक मुरडलं. "एकाहत्तरवाले माझ्याकडे ढिगाने येतात. नव्वदच्या वर काही आहे का?"

भाजी घेतल्यासारखं! घरी येऊन सगळ्यांवर चिडचिड केली. लेक म्हणाली, "आई, तू अजून गेलीही नाहीस आणि आतापासूनच अशी वागतेस."

१३ मार्च

चाराचे बारा केले.

चार सेकंदांऐवजी बारा सेकंद थांबलं, की खोटे अलार्म आपोआप गळतात. लगेच नव्वदच्या वर जाईल. घड्याळजींना विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चार म्हणजे चार. बाळांच्या बाबतीत तेही मला जास्त वाटतात."

असा बदल दोघांच्या मंजुरीशिवाय होत नाही. तातडीच्या वेळी मात्र प्रमुखाला एकट्याने करता येतो, आणि प्रमुख मी. कारणाच्या रकान्यात लिहिलं — तातडीचं. महिनाभर ठेवीन, आकडा मिळाला की परत चार. चाचण्यांमध्ये काहीही बिघडलं नाही. काहीही नाही!



२२ मार्च

त्र्याण्णव.

९ एप्रिल

आठही पत्रांवर सह्या झाल्या. संचालकांनी फोनवर बोलता बोलता केली, एक शब्द वाचला नाही. एक पत्र सहकाऱ्याचं लागतं, ते घड्याळजींकडे नेलं. त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचलं. "ही संपूर्ण कल्पना व तिच्यातील प्रत्येक निर्णय तिचा एकटीचा आहे." बोट त्या ओळीवर थांबलं. मग खिशातून पेन काढलं.

"छान लिहिलंयस," म्हणाले. आणि सही केली.

एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की आभार मानायचेही राहिले.

१४ एप्रिल

अर्ज गेला. महिना झाला, आता परत चार करायचे होते. सहज म्हणून वकीलबाईंना विचारलं, आकडा पुढे थोडा खाली आला तर? त्या खुर्चीतच सरसावल्या. "मुळीच नको! निकाल लागेपर्यंत व्हिसावाले रुग्णालयाकडून ताजा अहवाल मागवू शकतात. पत्रात त्र्याण्णव, अहवालात एकाहत्तर — म्हणजे खोटी माहिती. मग तुम्हालाच नाही, नवरा आणि मुलीलाही कायमची बंदी."

किती दिवस लागतील? "दोन महिने धरा."

२ मे

नवऱ्याने नोकरीचा राजीनामा दिला. मला न विचारता! मला आनंद होईल असं त्याला वाटलं. "तुझ्यावर माझा भरवसा आहे," म्हणाला. मिठी मारली, दुसरं काय करणार.

३ मे

आज काही झालं नाही.

४ मे

आज काही झालं नाही. हल्ली रोज ऑफिसात गेल्या गेल्या वॉर्डाची नोंद उघडते. सगळं शांत. इतका शांत वॉर्ड मी कधी पाहिलेला नाही. पूर्वी हेच पाहून मी पेढे वाटले असते.

२१ मे

वॉर्डाच्या हेडसिस्टरचा फोन. एरवी त्या मला "मॅडम, तुमच्यामुळे डोकं दुखायचं थांबलं" म्हणतात. आज आवाज वेगळा होता.

"मॅडम, एक बाळ निळं पडलं होतं. मी शेजारच्याच पाळण्याशी होते म्हणून दिसलं. उचललं, पाठ चोळली, श्वास आला. त्यानंतर अलार्म वाजला. नंतर! असं कसं?"

बघते म्हणाले. वायर तपासायला सांगितली. वायरीत काही नाही हे मला माहीत होतं, तरी सांगितली.

चार करायला बसले. पडदा समोर, फक्त आकडा बदलायचा. वकीलबाईंचा निरोप आला — "फाइल शेवटच्या टेबलावर आहे. फार तर पंधरा दिवस."

बाळ वाचलं ना? वाचलं. पंधरा दिवस.

मी अशी कधीपासून झाले?

२२ मे

घड्याळजी जिन्यात भेटले. "अजून बारा आहेत," एवढंच म्हणाले. प्रश्नही नव्हता तो. "निकाल लागू दे," मी म्हटलं. ते बाजूला झाले, मला वाट दिली.

३० मे

आज काही झालं नाही. जेवण जात नाही. फोन वाजला की दचकते. लेकीने माझ्या फोनचा आवाज बंद करून ठेवला तर तिच्या अंगावर ओरडले. ती रडली. कशासाठी ओरडले ते तिला कसं सांगू?

४ जून, दुपार

मंजूर! तिघांचाही! नवरा फोनवर रडत होता. वकीलबाई म्हणाल्या, असा भक्कम अर्ज त्यांनी वर्षभरात पाहिला नाही.

आधी धावत जाऊन बाराचे चार केले. पाच मिनिटांत झालं. मग जागेवर बसून राहिले. सुटले. देवा, सुटले.

५ जून

सिस्टरचा फोन सकाळीच आला. एक बाळ काल गेलं, अलार्म उशिरा वाजला. मी चार करण्याच्या दोन तास आधी. नऊ दिवसांचं होतं, नाव ठेवायचं होतं अजून.

नोंदीतले बारा सेकंद पाहून संचालकांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं. "थांबण्याचं गणित मुळात घड्याळजींचंच ना? बारा सेकंद त्यांनी सुचवले, असं लिहून द्या. बाकी मी बघतो. तुम्ही आमचं नाव आहात, तुम्ही निर्धास्त जा."

कागद पुढे सरकवला. आठ लिहिलीच होती, नववं लिहायला किती वेळ लागतो!

लिहिलं. "बारा सेकंद मी केले. एकटीने. घड्याळजींनी नाही म्हटलं होतं. मला व्हिसा हवा होता."

आणि खाली, आठांत एकदाही न केलेली, माझी सही.