आधी ताई झोपते

सोमवार, ४
नवी नोकरी, नवा कोट आणि एकदाची स्वतःची खोली! मुलांच्या रुग्णालयात एमआरआय मशीन चालवायचं. आई म्हणते, माझा राग नाकावर असतो. आता कामही नाकांचंच मिळालं. सिस्टिक फायब्रोसिसची मुलं येतात. या आजारात शेंबूड डिंकासारखा घट्ट होतो आणि नाकात पॉलिप, म्हणजे मांसाचे फुगीर कोंब वाढतात. पडद्यावर अगदी द्राक्षांचा घड. मला द्राक्षं आवडायची. आज डब्यातली तशीच परत आणली.

बुधवार, ६
इथली एक रीत आहे. मूल घाबरलं की आपण आधी मशीनमध्ये झोपून दाखवायचं, म्हणजे भूल द्यावी लागत नाही. आज चिमणी आली. सात वर्षांची, अखंड बडबडी, दोन्ही नाकपुड्या ठार बंद. सोमवारी ऑपरेशन. झोपली, रडत उठली, म्हणून मी झोपले. घाईत उशी पुसायची राहिली. गालाला काहीतरी कोमट, चिकट लागलं. शी! तीनदा तोंड धुतलं, तरी शिसारी जाईना.

शुक्रवार, ८
ऑपरेशनआधीचा स्कॅन. चिमणीची डावी बाजू चक्क मोकळी! औषध लागू पडलं म्हणून डॉक्टर खूश. ऑपरेशन पुढे ढकललं. तिच्या हट्टापायी आज पुन्हा आधी मी झोपले. माझी डावी नाकपुडी परवापासून बंद आहे. शिंकरलं तर रुमालावर पिवळं, ताणलं तरी तुटेना असं – पुरे.

सोमवार, ११
चिमणीची उजवी बाजूही मोकळी. तिची आई माझा हात धरून रडली. म्हणाली, या मशीनवरची आधीची ताईसुद्धा अशीच मायाळू होती. शेवटी शेवटी तिला बोलताच येईना.
दुपारी सहकाऱ्याकडून माझाच स्कॅन करवला. चिमणीचेच कोंब. तिच्या बुधवारच्या स्कॅनमधला तोच दोन शेंड्यांचा, डावीकडे. मी दगडासारखी पडून होते, तरी चित्र हललेलं. फक्त त्या कोंबाच्या जागी.

मंगळवार, १२
वास गेला. चव गेली. घशामागे काहीतरी लोंबतंय – गिळलं की परत वर येतं. रजा मागितली. डॉक्टर म्हणाले, उद्या सहा मुलं आहेत, त्यांच्या आया तुझ्याच नावानं विचारताहेत.

बुधवार, १३
पहिली चार वर्षांची. ओठ निळे. नाही म्हणायचं ठरवूनच आले होते. तोंड उघडलं – शब्दाआधी जिभेवर ते –
तिनं उशीवर थोपटलं. ताई आधी.
जाते आहे. हिच्यानंतर पाच. तोंडानं अजून थोडी हवा ये–